बल्ब गिरजानं काढला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लाखोरीची भाजी खुडली. काही मोठं नाही. जुनवानीले पोराच्या घरामागं जरासं अंगण आहे, तिथं थंडीत दहा वाजता ऊन येते. पोतं टाकून बसलो होतो. मधात भाजीचा ढीग, एका अंगाले ती, एका अंगाले मी. ती कोवळे शेंडे खुडे आणि मी मुद्दाम जून देठं तशीच टोपलीत टाको, म्हणजे ती चिडावी. ती चिडली. म्हणाली, "अवो, हे गाईले घालाचं हाय का मानसायले?" म्हटलं, दोघायलेही चालते. तिनं माझ्या बाजूची टोपली ओढून घेतली आणि परत सगळी भाजी निवडली. साठ वर्षं हेच चाललं. मी काम करायचो, ती ते परत करायची.

तेवढ्यात नात आली, रिया. ती अर्धं मराठी बोलते, अर्धं हिंदी, आणि मोबाइलशी तिसरंच काही. "आजोबा, संडे को नदी पे चलोगे? पूरे किनारे लाइटिंग है, पेंटिंग लावले आहेत, गाना-बजाना. बस चलते जाना है, देखते देखते."

गिरजा म्हणाली, "आमी पाह्यली हाय तसली वाट. तुह्या बापाच्या जल्माच्या आधी."

"मालूम है ना आजी! आजोबांनी बल्ब काढला होता ना तिथं?"

मी म्हटलं, "हो."

एक देठ येऊन माझ्या चष्म्यावर बसलं. "याचं तोंड कसं दुखत नाही वं!" गिरजा नातीले सांगून राहिली. "म्या काढला होता. म्या. हा त तवा सिडीवर वटवाघळावानी लटकून होता."

"आजोबा, सच क्या है?"

मी डोक्याजवळ बोट फिरवलं, आणि आजीचं आता वय झालं असं पोरीले खुणेनं सांगितलं. पोरगी हसली, मी हसलो. गिरजा भाजी घेऊन उठली. जाता जाता म्हणाली, "रविवारी जाऊ. पन तिथं जाऊन खोटं बोलाचं नाही." त्या दिवशी तिनं भाजीत तांदळाच्या कण्या टाकल्या होत्या, मले आवडते तशी. जेवलो. झोपलो. ती उठली नाही.

रविवारी नदीवर लाइटिंग झाली म्हणतात. मी गेलो नाही. घर पाहुण्यायनं भरलं होतं आणि भेटाले येणारा प्रत्येक जण मले तेच सांगे, काका, तुम्ही तरुणपणी काकूसाठी काय हिंमत केली होती. तेराव्या दिवसापर्यंत मी मान हलवत राहिलो. मंग कागद आणाले सांगितला. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेही मास्तर आजारी पडला म्हणून पास झालो. पोरगं म्हणते, बाबा तुम्ही लिहा, मी भाषा सुधारून देतो. म्हटलं, तू हात लावू नको. साठ वर्षं मीच सुधारून सांगत होतो, आता जसं झालं तसं राहू दे.

तवा आम्ही कॅम्पात राहात होतो. पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता. कॅम्प म्हणजे टिनाच्या लांबच लांब चाळी. उन्हाळ्यात भाकर तव्यावर कावून टाकावी, पत्र्यावर टाकली तरी शेकन, असं माय म्हणे. बा भंडाऱ्याकडून आधी आला आणि मंग त्यानं आमाले बोलावून घेतलं. गावात आमच्या लोकायले विहिरीवर चढू देत नव्हते. इथं नळ होता. नळाले जात नसते, फक्त रांग असते, असं बा मोठ्या अभिमानानं साऱ्यायले सांगे. आमच्या मागून भरणाऱ्या बाया तोटी घासून धुऊन मंग आपली घागर लावत, ते बा सांगत नसे. मायले शेजारच्या छत्तीसगढी बाईनं बासी शिकवली, रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी कांदा-मिरचीसंगं खायचा. माय रोज म्हणे, भाकरीबिगर माणसाचं पोट भरत नाही, आणि बासीचा कटोरा चाटून साफ करे. कारखान्याकडून लोखंडी खुंटे जमिनीत ठोकायच्या मशीनचा आवाज दिवसरात्र येत राहे, धम्म, धम्म. लेकरं त्याच तालावर निजत. एकदा मशीन बिघडली त साऱ्या कॅम्पातली लेकरं एकदम जागी होऊन रडाले लागली, आणि मोठी माणसं काय झालं, काय झालं करत बाहेर आली. शांतता झाली होती, दुसरं काही नाही.

मी ठेकेदाराच्या माणसात होतो, घोष मिस्त्रीच्या हाताखाली. वायर ओढायची, सिडी धरायची, मिस्त्रीच्या शिव्या खायच्या. शिव्या तो बंगालीत देई, म्हणून त्या गोड वाटत. मले पाहिजे होतं टोकन. टोकन म्हणजे पितळेची चकती, तिच्यावर नंबर. ज्याच्या खिशात टोकन, तो कारखान्याचा माणूस. बाकीचे ठेकेदाराचे, आज आहेत, उद्या नाही. आणि दुसरी पाहिजे होती गिरजा. ती आपल्या मायसंगं रेजा होती. रेजा म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया. डोक्यावर लुगड्याच्या चिंधीची चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात गिट्टी, आणि दोन्ही हात मोकळे. त्या मोकळ्या हातानं त्या बोलत, एकमेकीले चिमटे घेत, मुकादमाची नक्कल करत. गिरजाचं घमेलं कधी हललेलं मी पाह्यलं नाही. माझ्या मायनं ठरवलं होतं, सोमाले, म्हणजे मले, टोकन मिळालं की गिरजाच्या मायले विचारू. म्हणजे टोकन गेलं त दोन्ही गेलं. हे मले चांगलं ठाऊक होतं, तेवढं लक्षात ठेवा.

त्या थंडीत साहेबायच्या बायायच्या मंडळानं ठरवलं, की नदीकाठी रोषणाई करायची. शिवनाथच्या काठानं एक वाट बनवायची, वाटेवर कला मांडायची, बाहेरून एक मोठा पाहुणा येणार होता, त्याले आणि कारखाना उभारून देणाऱ्या रशियन साहेबायले त्या वाटेनं चालवत न्यायचं. कला म्हणजे काय, ते आमाले मांडता मांडता समजलं. शाळेतल्या मास्तरांनी काढलेली चित्रं होती, त्यात मजूर सारे गोरे आणि हसरे. कारखान्याच्या चिमणीची रांगोळी होती. मातीचा एक बैल होता, तो घाईत ओला राहिला आणि पाहुणा येईपर्यंत पुढच्या गुडघ्यावर बसला. नदीले काही न मांडता सुंदर दिसता येते, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

वाट बनवली रेजायनं. चार दिवस मुरूम वाहून, ठोकून. चौथ्या दिवशी काम संपलं तवा त्यायले सांगितलं, की वाटेवर चालायचं नाही, पायाचे ठसे पडतात. दोन्ही अंगाले दोरी लावली. पास असणारे लोक दिवे लागल्याबरोबर चालतील. मजूर लोक वाळूवर थांबतील आणि साहेब लोक जेवाले गेले की मंग पाहतील. मिस्त्रीले विचारलं, दिव्यायसाठी आणलेल्या वीजेच्या मशीनमध्ये डिझल किती वेळाचं आहे. तो म्हणाला, "साहब लोग के खाने तक." म्हणजे आमाले कला अंधारात पाहायची होती. तरी सारा कॅम्प आला. लेकरं, म्हाताऱ्या, लंगडे, साऱ्यायनं तेल लावून केस विंचरले होते. हजारो माणसं वाळूवर बसून दोरीपलीकडच्या शंभर माणसाले पाहून राहिली होती, आणि खरं सांगायचं त तमाशा दोन्हीकडून सारखाच होता.

माझ्याकडे वाटेच्या टोकावरचा देखावा होता. तिथं फळ्यायचा मंच, आणि मंचावर मोठ्या साहेबाच्या बाई स्वतः रेजा होऊन उभ्या राहणार होत्या. श्रमदेवी, असं पाटीवर लिहिलं होतं. पाहुणा समोर असेपर्यंत हालायचं नाही, पुतळ्यावानी. मंचाभोवती वरून खालपर्यंत माळ होती दहा बल्बाची. ते बल्ब क्रेनचे, कमी दाबाचे. ते एकामागं एक असे गुंफले तरच जळत, आणि त्यातला एक काढला की दहाही जात. मिस्त्री म्हणाला, "सोमा, यह माला ठीक जला तो तेरा नाम टोकन के लिए दूँगा. बुझा तो तू भी बुझा." दुपारी मशीन लावून पाह्यली, तवा मी गिरजाले बोलावून हे सारं दाखवलं. सिडी धराले माणूस पाहिजे म्हणून दोरीच्या आत घेतलं, पण खरं म्हणजे मले मिरवायचं होतं. बल्ब कसा काढतात ते करून दाखवलं. दाबायचा, फिरवायचा, ओढायचा. दहाही गेले. लावला, दहाही आले. गिरजा म्हणाली, "म्हंजे एक रुसला त सारेच रुसते? आमच्या मायघरावानी हाय हे." मी असा फुगलो, जशी वीज माझ्या बापानंच शोधली.

सांज झाली. मशीन सुरू झाली, दिवे लागले. एक गोष्ट कबूल करतो, दिसत होतं सुंदर. पाण्यात सारे दिवे उलटे लागले होते आणि वाळूवरून असा आवाज आला, हाऽऽ, जसा साऱ्यायनं मिळून एकच श्वास घेतला. मंग बाई मंचावर चढल्या. हिरवं रेशमी लुगडं, कासोटा मारलेला, कानात मोती, पायात चप्पल. डोक्यावर घमेलं, चांदीसारख्या रंगानं रंगवलेलं, त्यात झेंडूची फुलं. घमेलं खरं होतं, लोखंडाचं. आणि चुंबळ नव्हती. केस बिघडतात म्हणून असेल, का कोणाले ठाऊकच नसेल म्हणून. नुसत्या अंबाड्यावर घमेलं, दोन्ही हातानं गच्च धरलेलं. वाळूवरच्या रेजायमध्ये आधी एक फिसकन हसली, मंग दुसरी, मंग साऱ्या लाटेवानी हसाले लागल्या.

गिरजा हसली नाही, हे मले आज आठवते. ती सिडीशी उभी होती, तिच्या कमरेले तिची चुंबळ खोचलेली, कारण ती सकाळपासून घरी गेलीच नव्हती. ती पाहत होती की बाईची मान थरथरून राहिली आहे. म्हणाली, "बाई, मान मोडन. चुंबळ लागते." आणि सरळ मंचाजवळ गेली, चुंबळ हातात घेऊन. "थांबा, खाली सरकवू द्या, मंग हालणार नाही."

बाई पुतळा होत्या, तरी मागं सरकल्या. "ए! हात लावू नकोस. शी, काय घाणेरडं फडकं! कोणी सोडलं हिला आत?" अजून एक शब्द बोलल्या. तो शब्द आमाले गावाहून ठाऊक होता. तो इथं लिहीत नाही, त्याले कागद कावून द्यायचा? चौकीदार धावत आला. त्यानं काठीच्या टोकानं गिरजाच्या हातातली चुंबळ उचलली, मेलेला उंदीर उचलतात तशी, आणि नदीत टाकली. ती लगेच बुडाली नाही. माझ्याच दिव्याच्या उजेडात जरा वेळ तरंगली.

आणि मी? मी सिडीवर होतो. दोन पायऱ्या उतरलो असतो त चौकीदाराच्या मानेपर्यंत हात पोचला असता. "मी सोडलं आत" एवढं म्हणायले त उतरायचीही गरज नव्हती. मी तोंड फिरवलं आणि एका जोडावरची पट्टी पाहाले लागलो, ढिली झाली की काय. ढिली नव्हती. मीच बांधली होती. पट्टी पाहता पाहता मले गिरजाची नजर पाठीत लागत होती, आणि मी विचार करत होतो टोकनाचा. पितळेची चकती कशी दिसन, खिशात कशी वाजन. हे मी कोणाले कधी सांगितलं नाही. पोरायले नाही, बाले नाही. गिरजाले सांगायची गरज नव्हती, तिनं पाह्यलंच होतं.

पाहुणा आला. जाडजूड माणूस, गळ्यात एवढे हार की समोरचं काही दिसत नसावं. मागून रशियन साहेब, त्यायच्या मागून आमचे. मंडळाच्या कोणी तरी माहिती द्याले सुरुवात केली, "ही आमची श्रमदेवी..." आणि तेवढ्यात मले खाली सिडी जराशी हललेली जाणवली. वाकून पाह्यलं. चौकीदार पाहुण्याले सलाम ठोकण्यात गुंतला होता. गिरजानं हाताले पदर गुंडाळला होता, कारण बल्ब तापलेला असते, हे मी तिले सांगितलं नव्हतं, ते तिनं आपल्या अकलेनं ओळखलं. तिनं दाबला. फिरवला. ओढला.

अंधारात आधी घमेलं पडल्याचा आवाज आला. लोखंड फळ्यावर. मंग बाईचा आवाज, तो श्रमदेवीचा नव्हता. मंग वाळूवरून असं हसू उठलं, असं हसू, की मी पुढं आयुष्यभर कोणत्या सभेत, कोणत्या लग्नात तसं ऐकलं नाही. म्हाताऱ्या हसत होत्या, कडेवरची लेकरं हसत होती, का हसायचं ते न समजणारेही हसत होते. पाहुणा म्हणाला, "बहुत अच्छा, बहुत अच्छा, आगे चलिए." त्याले वाटलं, कार्यक्रमातच आहे. घोष मिस्त्री खालून बंगालीत ओरडून राहिला होता, पहिल्यांदाच त्याची शिवी मले गोड लागली नाही. मी चाचपत दहाही जागा पाहिल्या. एका होल्डरमध्ये बल्ब नव्हता, आणि जास्तीचा बल्ब माझ्याकडे नव्हता. सिडीखाली गिरजाही नव्हती. तेव्हा मी जे पहिलं वाक्य तोंडातून काढलं, ते असं होतं, "मेलो. माही नोकरी गेली." आता समजलं, वटवाघूळ कोण ते?

पुढं लोकायनं याची गोष्ट बनवली. गोष्टीत मी सिडीवरून बाईले म्हणतो, की ज्या दिव्याखाली आमच्या बाईचा अपमान होते तो दिवा मी जळू देणार नाही. एवढं लांब वाक्य मी आजपर्यंत सिडीवरून बोललो नाही. माझ्या बानं त्या दिवशी मले पहिल्यांदा आणि शेवटचं शाब्बास म्हटलं, आणि मायले माझ्या बासीत दही घालाले सांगितलं. विहारात लोकायनं मले पुढं बसवलं. आता सांगा, दही खाऊन झाल्यावर माणसानं खरं कसं बोलावं? त्याच नावावर टोकनाबिगर लग्न झालं, टोकन दोन वर्षांनी दुसऱ्या खात्यात मिळालं, पोरं झाली, पोरायनं गोष्ट शाळेत सांगितली. प्रत्येक वेळी गिरजा स्वयंपाकघरातून ओरडे, "खोटारडा!" आणि ऐकणारे हसत. त्यायले वाटे, बायको नवऱ्याची गंमत करून राहिली.

पण मी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, ते बरोबर लिहितो, म्हणजे हिशेब माझ्या बाजूनं कोणी झुकवणार नाही. भोंगा झाला तवा मिस्त्रीनं साऱ्यायले रांगेत उभं केलं, आमाले आणि रेजायले. ठेकेदारही आला होता. मिस्त्री म्हणाला, "जिसने बल्ब निकाला वह बोले. नहीं तो सब रेजा आज से बंद." मंग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू तो वैसे भी गया. माला तेरा था."

लोक याले त्याग म्हणतात. त्याग कायचा? मी गेलोच होतो. रांगेत उभा राहून मी एवढाच विचार केला, की जायचंच आहे त रिकाम्या हातानं कावून जायचं. रात्री ज्यानं तोंड फिरवलं, त्याले सकाळी नाव मिळून राहिलं होतं, फुकटात. मी हात वर केला. म्हटलं, "मैंने निकाला." रेजायच्या रांगेत गडबड झाली, कोणी तरी वाहवा म्हणालं. मिस्त्रीनं माझ्या हातातून पक्कड काढून घेतली.

फाटकाकडे निघालो त मागून गिरजा धावत आली. रांगेच्या शेवटी होती ती, पुढं येऊन राहिली होती, तिच्या मुठीत तो बल्ब होता. मिस्त्रीसमोर ठेवाले आणला होता तिनं. मी हात वर करायच्या आधी ती चार पावलं चालली होती, हे मी पाह्यलं होतं. पाह्यलं होतं म्हणूनच घाईनं हात वर केला की काय, ते मले आजही ठाऊक नाही.

"तू कावून सांगितलं?" ती म्हणाली. असा राग मी तिच्या तोंडावर पुढं साठ वर्षांत पाह्यला नाही, आणि मी कमी कारणं दिली नाहीत. "म्या काढला. माहा बल्ब होता. माही चुंबळ गेली होती, तुही नाही. रातभर मी मिस्त्रीले काय बोलाचं ते पाठ केलं."

"तुही रोजी गेली असती."

"गेली असती त गेली असती. नाव त माहं राह्यलं असतं ना! रातच्याले मुका होता, सकायी बरं तोंड फुटलं तुले."

मुकादम तिकडून ओरडला, "ए गिरजा, काम पे!" तिनं बल्ब कमरेले खोचला. घमेलं गिट्टीनं भरलं, डोक्यावर घ्याले वाकली आणि थांबली. चुंबळ नव्हती. माझ्या गळ्यात गमछा होता. तो काढून मी गुंडाळला, तशी चुंबळ बनवून तिच्यापुढं धरली. तिनं पाहिली, उलगडली, झटकली, आणि परत स्वतःच्या हातानं घट्ट गुंडाळली. डोक्यावर ठेवली. मी दोन्ही हातानं घमेलं उचललं आणि तिच्या डोक्यावर चढवलं. मले त्या दिवशी तेवढंच काम होतं.